नीळकंठशास्त्र्यांच्या शंका

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधून निघून झाशी रोड धरला की डबरा, दतिया मागे टाकत शंभरेक किलोमीटरांवर झाशी येते. ऑक्टोबर सरत आला की या वाटेवरच्या प्रवाशांत संत ज्यूडच्या यात्रेकरूंची भर पडते. 28 ऑक्टोबर हा त्याचा सण. ख्रिस्ती परंपरेत ज्यूड म्हणजे सगळे उपाय थकलेल्यांचा कैवारी. त्यामुळे झाशीतल्या त्याच्या तीर्थस्थानी मेणबत्ती लावायला येणारे सगळेच काही ख्रिस्ती नसतात. इकडून जाणाऱ्या कॅथलिकांना तर झाशी परकी नाहीच. ग्वाल्हेरचा स्वतंत्र धर्मप्रांत 1999 साली झाला, तोवर त्यांचा धर्मप्रांत झाशीचाच होता.

नवस बोलणाऱ्याला गुण हवा असतो, मीमांसा नको असते. पण गुण आला नाही की मीमांसा सुरू होते. लेकराला असला आजार का? देव दयाळू आहे तर त्यानं हे होऊ का दिलं? आणि ज्यानं होऊ दिलं, तोच शेवटच्या दिवशी आपला न्याय करणार असेल तर त्या न्यायाला न्याय का म्हणायचं? ख्रिस्ती धर्मविचारात हे प्रश्न दीड-दोन हजार वर्षं चघळले गेले आहेत. आपल्याकडे ते सगळ्यांत धारदारपणे ज्यानं विचारले, तो माणूस याच झाशीजवळच्या काशीपुरा गावात, 8 फेब्रुवारी 1825 रोजी, एका चित्पावन घरात जन्मला. लश्करच्या वाड्यांतून सिटी सेंटरच्या फ्लॅटांत राहायला आलेल्या मराठी घरांना झाशी म्हटलं की राणी आठवते आणि ते साहजिकच आहे. नीळकंठ शिवराम गोरे हे नाव मात्र क्वचितच कुणाच्या तोंडी येतं.

घराण्याचा बांद्याच्या नवाबाच्या दरबाराशी संबंध होता. पुढे कुटुंब काशीला गेलं. तिथं नीळकंठ व्याकरण आणि न्याय शिकला. न्याय म्हणजे तर्काची तालीम: समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून नीट मांडायचं आणि मग ते फोडायचं. घरची उपासना शिवाची होती, पण विचार करकरून या पोरानं विष्णूची धरली. उपास्यदैवतसुद्धा जो तपासून घेतो, त्याच्या गावात मिशनरी आला तर पुढे काय होणार हे सांगायला नको.

त्या काळात वादाची सामग्री तयारच होती. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या स्कॉटिश अधिकाऱ्यानं 1839 साली ‘मतपरीक्षा’ नावाचं पुस्तक चक्क संस्कृत श्लोकांत लिहिलं. त्यात गुरू शिष्याला ख्रिस्ती धर्माचं श्रेष्ठत्व पटवून देतो. पंडितांना त्यांच्याच भाषेत आव्हान मिळालं आणि उत्तरं येऊ लागली. पहिलं उत्तर आलं ते सीहोरहून, सुबाजी बापू या मराठी पंडिताचं. (कोपर्निकसचं खगोलशास्त्र मराठीत समजावून सांगणारे ते हेच सुबाजी बापू.) त्यांचा सूर समंजस होता: ज्याला जो धर्म देवानं दिला, तो त्यानं पाळावा. दुसरं उत्तर कलकत्त्याच्या एका पंडितानं दिलं. तिसरं काशीहून नीळकंठशास्त्र्यांचं. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ 1844–45 मधला, म्हणजे लेखकाचं वय विशीच्या आसपास.

ते काशीतल्या रस्त्यांवर प्रवचनं करणाऱ्या विल्यम स्मिथ या पाद्र्याला गप्प करायला निघाले होते. शंका तोंडी काढून झाल्या, मग लेखीही दिल्या. त्यांतल्या तीन शंकांचं वजन आजही कमी झालेलं नाही.

पहिली शंका अजाण जिवांच्या दुःखाची. जन्मतः आंधळं मूल, चाबूक खाणारा बैल. यांनी काय केलं होतं? नैयायिकाकडे याचं उत्तर तयार होतं: मागल्या जन्मीचं कर्म. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात नेमका हाच आक्षेप घेऊन सोडवलेला आहे. जगात कुणी सुखी, कुणी दुःखी दिसतो, तेव्हा ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, असे दोन दोष येतात. सूत्रकार म्हणतात, येत नाहीत. कारण ईश्वर जिवाच्या कर्माला धरूनच फळ देतो. ख्रिस्ती मतात मागला जन्म नाही. जीव कोरा निर्माण होतो आणि पहिल्याच श्वासाला दुःख भोगू लागतो. मग दोष निर्माणकर्त्याकडे जातो, असं नीळकंठशास्त्र्यांचं म्हणणं.

ख्रिस्ती बाजूचं रूढ उत्तर आदामाच्या पापाचं. संत ऑगस्टिननं (354–430) ते पक्कं बांधलं: पहिल्या माणसानं आज्ञा मोडली, त्या पापाचा डाग वंशपरंपरेनं सगळ्यांना लागतो, म्हणून तान्हं मूलही निर्दोष नाही. पेलाजियस नावाचा त्याचा समकालीन हे मानायला तयार नव्हता. त्याच्या मते आदामाचं पाप आदामाचं, आणि प्रत्येकाला चांगलं वागण्याची ताकद दिलेली आहे. चर्चनं पेलाजियसला पाखंडी ठरवलं. पण ऑगस्टिनच्या मताची किंमत मोजावी लागली. बाप्तिस्म्याआधी मेलेल्या बाळाचं काय होतं? ऑगस्टिनचं उत्तर होतं, अगदी सौम्य का होईना, पण शिक्षा. मध्ययुगाला ते सोसवेना, म्हणून नरकाच्या कडेला ‘लिंबो’ कल्पिलं गेलं, जिथं यातना नाहीत आणि देवदर्शनही नाही. 2007 साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगानं एक टिपण काढलं. अशा बाळांचं तारण होईल अशी आशा धरायला भक्कम आधार आहेत, असं त्यात म्हटलं आहे. तान्ह्या मुलांबाबत एवढं म्हणायला सोळा शतकं लागली. नीळकंठशास्त्र्यांच्या बैलाबद्दल मात्र ख्रिस्ती धर्मशास्त्र अजूनही चाचरतच बोलतं. जनावर आदामाचं वंशज नाही. त्याला इच्छास्वातंत्र्य नाही आणि मरणोत्तर भरपाईचं वचनही स्पष्ट नाही.

दुसरी शंका इच्छास्वातंत्र्याची. आदाम मोहाला बळी पडेल हे देवाला आधीच ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक नसेल तर तो सर्वज्ञ नाही. ठाऊक असूनही मोह होईल असाच स्वभाव देऊन त्यानं आदामाला घडवलं असेल, तर पापाची सुरुवात कुणापासून धरायची? ऑगस्टिनकडे यावर एक मार्मिक भेद होता: आधी माहीत असणं वेगळं, घडवून आणणं वेगळं. ग्रहण कधी लागेल हे पंचांग सांगतं म्हणून काही पंचांग ग्रहण लावत नाही. इथवर पटतं. पण पंचांगकर्त्यानं सूर्यचंद्र निर्माण केलेले नसतात, देवानं केलेले आहेत, आणि न्यायशास्त्र शिकलेला माणूस दृष्टान्तातली ही फट लगेच हेरतो. सोळाव्या शतकात कॅल्व्हिननं ती फट झाकायचा प्रयत्नच सोडला. कुणाचं तारण व्हायचं, कुणाचा नाश, हे देवानं आधीच ठरवलं आहे आणि त्याला जाब विचारणारे आपण कोण, असं त्यानं सरळ सांगितलं. यात प्रामाणिकपणा आहे, पण प्रश्नकर्त्याला ते दार तोंडावर आपटल्यासारखं वाटलं तर नवल नाही.

विसाव्या शतकात हा वाद पुन्हा तापला. 1955 साली जे. एल. मॅकी यांनी एका निबंधात दाखवायचा प्रयत्न केला की देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्ण चांगला आहे आणि जगात वाईट आहे ही तीन विधानं एकत्र नांदूच शकत नाहीत. अमेरिकी तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा यांनी 1974 च्या सुमारास दिलेलं उत्तर तर्काच्या कसोटीवर आजवरचं सगळ्यांत मजबूत मानलं जातं. माणूस खरोखर स्वतंत्र असेल, तर ‘तो नेहमी चांगलंच निवडेल’ अशी व्यवस्था देवालाही करता येणार नाही, कारण तशी व्यवस्था केली की स्वातंत्र्य उरत नाही. सर्वशक्तिमान म्हणजे परस्परविरोधी गोष्टी करू शकणारा असा अर्थच नव्हे. मॅकींचा दावा यानं ढिला पडला, हे बरेच नास्तिक तत्त्वज्ञही कबूल करतात.

पण या उत्तराचा पल्ला बेताचा आहे. खून, दंगल, फसवणूक इथवर ते पोचतं. ताप, भूकंप, दुष्काळ यांच्यापाशी ते अडखळतं. 1 नोव्हेंबर 1755 ला लिस्बन शहर भूकंपानं कोसळलं, तो दिवस सर्व संतांच्या सणाचा होता आणि लोक चर्चमध्ये होते. ‘शक्य असलेल्या सगळ्या जगांत हेच उत्तम’ हा लायब्निट्सचा 1710 सालचा युक्तिवाद त्यानंतर युरोपात कुणी गंभीर चेहऱ्यानं सांगू शकेना. व्होल्टेअरनं 1759 मध्ये त्याची यथेच्छ टिंगल केली. निसर्गाच्या तडाख्यालाही स्वातंत्र्याच्या खात्यावर टाकायचं तर प्लँटिंगांना सैतानाच्या आणि दुष्ट आत्म्यांच्या इच्छेची शक्यता पुढे करावी लागते. तर्कात ती बसते, मनात बसत नाही.

तिसरी शंका शाश्वत नरकाची, आणि हीच त्यांच्या मनात खोल रुतली. माणसाचं आयुष्य साठ-सत्तर वर्षांचं. त्यात केलेलं पाप कितीही मोठं असलं तरी त्याला मोजमाप आहे. त्याची शिक्षा अनंतकाळ कशी? पुराणांतही नरक आहेत आणि त्यांची वर्णनं वाचून झोप उडावी अशी आहेत, पण भोग संपला की जीव सुटतो. (याला आपल्याकडे अपवाद आहे. मध्वाचार्यांनी काही जीव कायमचे तमोयोग्य मानले आहेत. शाश्वत नरक ही निव्वळ परदेशी कल्पना आहे असं म्हणून मोकळं होता येत नाही.) मध्ययुगीन ख्रिस्ती उत्तर असं: गुन्ह्याचं वजन तो कुणाविरुद्ध केला यावर ठरतं, देव अनंत, म्हणून त्याच्याविरुद्धचा अपराधही अनंत. हे उत्तर सरंजामी आहे. राजाला मारलेली थप्पड आणि शेतकऱ्याला मारलेली थप्पड यांना वेगळी शिक्षा असायची त्या जगात ते शोभलं असेल.

ख्रिस्ती परंपरेत या शंकेला घरचे वारसही आहेत. तिसऱ्या शतकातला ओरिजेन म्हणे की शेवटी सगळेच जीव देवाकडे परततील. सहाव्या शतकात ते मत निषिद्ध ठरलं. 1853 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये फ्रेडरिक डेनिसन मॉरिस या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाची नोकरी याच कारणानं गेली. ‘शाश्वत’ म्हणजे न संपणारा काळ असा अर्थ घ्यायला त्यांनी नकार दिला होता.

एवढ्या तयारीचा माणूस स्मिथला गप्प करून परत आला असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण 14 मार्च 1848 रोजी जौनपूरला नीळकंठशास्त्र्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेमिया गोरे झाले. स्मिथनं 1850 मध्ये लंडनला ‘द्विज’ नावानं त्यांच्या धर्मांतराची हकिगत छापली.

शंका फिटल्या म्हणून ते ख्रिस्ती झाले, असं समजणं सोयीचं आहे, पण चरित्र तसं सांगत नाही. येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलले. शत्रूवर प्रेम करा असं सांगणारा कुणी खोटं बोलत असेल हे त्यांना पटेना. दुसरीकडे, दुसऱ्याच्या घरावर वापरलेली तर्काची हत्यारं त्यांनी स्वतःच्या घराकडे वळवली. 1860 साली हिंदीत निघालेल्या ‘षड्दर्शनदर्पण’ या ग्रंथात कर्माच्या अनादित्वाची कल्पनाच त्यांनी धारेवर धरली. (फिट्झएडवर्ड हॉल यांनी 1862 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं.) या जन्मीचं दुःख मागल्या जन्मीच्या पापामुळे, ते पाप त्याच्या मागल्या जन्मीच्या संस्कारामुळे, आणि असं मागे मागे जात सुरुवातच नाही. सुरुवात नाही म्हटल्यानं प्रश्न सुटतो की फक्त नजरेआड होतो? शिवाय ज्या अपराधाची आठवणच नाही, त्याच्या शिक्षेनं अपराधी सुधारणार कसा? कर्मसिद्धान्तावरचे हे आक्षेप मला वजनदार वाटतात, आणि विशीतल्या नीळकंठशास्त्र्यांचे ख्रिस्ती मतावरचे आक्षेपही तितकेच. दोन्ही एकाच माणसाच्या लेखणीतून उतरले, हे दुर्मीळ आहे. वाद घालणाऱ्यांपैकी फार थोडे दोन्ही बाजूंनी लढलेले असतात.

धर्मांतरानंतरही मनाची उलघाल थांबली नाही. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या, 1853 मध्ये मुलगी झाली आणि थोड्याच काळात लक्ष्मीबाई गेल्या. आईविना राहिलेली एलन लक्ष्मी युरोपियन घरांत वाढली. पुढे तिनं इंग्रजीत भजनं लिहिली. 1854 मध्ये गोरे महाराजा दुलीपसिंग यांच्यासोबत इंग्लंडला पोचले. म्हणजे मॉरिस यांच्या नोकरीचं प्रकरण अजून ताजं होतं. मॅक्सम्यूलर यांनी त्यांच्या ऑक्सफर्डच्या भेटीबद्दल लिहून ठेवलंय. लंडनमध्ये जे पाहिलं तोच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नाही, अशा अर्थाचं गोरे त्यांना निराश होऊन बोलले होते. पुस्तकातल्या ख्रिस्ताच्या ओढीनं घरदार सोडलेल्या माणसाला लंडनचा बाजार दिसला.

तरी ते मागे फिरले नाहीत. 1870 मध्ये धर्मगुरू म्हणून त्यांची दीक्षा झाली. पुढे काउली फादर्स या अँग्लिकन संन्यासी मंडळात ते उमेदवार म्हणून राहिले. अखेरची शपथ कधीच घेतली नाही. त्यांच्या कामाचा टापू आपल्या ओळखीचा आहे: इंदूर, पुणे, पंढरपूर. 1890 साली ज्या पंचहौद मिशनमधल्या चहानं पुण्यात ग्रामण्य माजवलं, ते मिशन याच मंडळींचं. जाहीर लिखाणात ते चर्चच्या शिकवणीची बाजू कडवेपणानं मांडत. ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजी मंडळी एकच दयाळू देव मानत आणि शाश्वत नरक नाकारत, त्यांच्याशी गोरे यांनी पुस्तिकांतून सतत वाद घातला. आपल्याच विशीतल्या शंकांशी ते पन्नाशीत भांडत होते असं मला या वादांकडे पाहताना वाटतं. खासगीत शंका पुन्हा पुन्हा डोकं वर काढत, आणि ते त्या लपवतही नसत.

याच प्रार्थनासमाजी वर्तुळातून त्यांच्या वाटेत पंडिता रमाबाई आल्या. रमाबाईंचा प्रश्न पोथीतून आलेला नव्हता. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीनं गेले. घरातलं सगळं दानधर्मात आणि तीर्थयात्रेत संपलं होतं आणि देव धावून आला नव्हता. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी थोडे दिवस, सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तिथंच करुण अंत झाला होता. बाप्तिस्म्यानंतर त्यांना तिथं शिकवणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना वाटलं, आता ही शिष्या शांतपणे शिकेल. झालं उलट. त्रैक्य म्हणजे तीन देव की एक? ख्रिस्ताचं देवत्व कशावरून? चर्चनं सांगितलं म्हणून माझ्या विवेकानं का झुकावं? असे प्रश्न असलेली या दोघींची पत्रं ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं 1977 साली प्रसिद्ध केली. ती वाचताना दोन्ही बायकांची दया येते: एकीला आज्ञापालन म्हणजे श्रद्धा वाटतं, दुसरीला विचारल्याशिवाय श्रद्धाच खरी वाटत नाही. ख्रिस्ताच्या देवत्वाबाबत गोरे यांच्या लिखाणानं आपल्याला मदत झाली, असं रमाबाईंनी पुढे नमूद केलं आहे.

दुःखाच्या प्रश्नावर मात्र रमाबाईंना ग्रंथानं हलवलं नाही. फुलहॅमला ‘वाट चुकलेल्या’ ठरवलेल्या बायकांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या आणि येशू व शोमरोनी स्त्री यांची कथा ऐकली. तिथं काही हललं. 1897 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्तिसदन त्यांतून उभं राहिलं. देवानं दुष्काळ का पाडला, याचं प्रकरण त्यांनी लिहिलं नाही. मराठी ख्रिस्ती परंपरेचा पुढचा ओघही पाहिला तर तो याच बाजूनं वळलेला दिसतो. ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, आणि त्यांच्या अभंगांत देवाला जाब विचारण्यापेक्षा त्याला बिलगणं जास्त आहे. भक्तीनं प्रश्नाची धग कमी होते. तो सुटतो का, हे नैयायिकाला विचारावं.

नरकाबद्दल आज चर्च काय म्हणतं? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 मध्ये एक मोठी गाठ सैल केली. स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची वार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि विवेकाला स्मरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. काशीच्या घाटांवर पिढ्यान्‌पिढ्या मेलेले आपले सगळे पूर्वज नरकात कसे, या सवालाचं निदान कॅथलिक बाजूनं उत्तर आलं. शाश्वत नरक 1992 च्या कॅथलिक धर्मबोधातही आहे, फक्त मांडणी बदलली आहे: देव कुणाला ढकलत नाही, माणूसच स्वतःला देवापासून कायमचा तोडून घेतो. सी. एस. लुईसनं हीच गोष्ट नरकाला आतून कडी आहे अशा रीतीनं सांगितली.

युक्तिवाद देखणा आहे, पण त्यावर विशीतल्या नीळकंठशास्त्र्यांनी काय विचारलं असतं याचा अंदाज बांधता येतो. देव म्हणजे परम आनंद. हे पूर्ण जाणून कुणी त्याला नाकारेल कसा? आणि न जाणता नाकारत असेल तर त्या नकाराला स्वतंत्र निवड कसं म्हणायचं? अज्ञानानं घेतलेला निर्णय कायमचा बंधनकारक धरायचा असेल, तर अज्ञान कुणी ठेवलं, हेही पाहावं लागेल.

गोरे 1895 साली वारले. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिल्यावर शंभरेक वर्षांनी, 1951 मध्ये, सदाशिव कात्रे यांच्या संपादनाखाली छापून प्रसिद्ध झाला. छापणारी संस्था उज्जैनची सिंदिया ओरिएंटल इन्स्टिट्यूट, म्हणजे मूळची ग्वाल्हेर दरबारच्या आश्रयातली. पुढे फादर झालेल्या लेखकाचा ख्रिस्तविरोधी ग्रंथ त्याच्या जन्मभूमीच्या शेजारच्या राज्यानं जपला. तो आणि ‘षड्दर्शनदर्पण’ ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून, लिहिली त्याच क्रमानं वाचावीत.